सागरी ऊर्जा : हिशेब पक्का, खर्च मोठा

तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी आणि जो आकडा येईल तितके वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण झाली असे समजावे. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर हा ढोबळ हिशेब पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. त्यानुसार अष्टमीची भरती सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेची सव्वाअकराच्या सुमारास येते. वारा केव्हा पडेल, आभाळ केव्हा भरून येईल हे महिनाभर आधी कोणी सांगू शकत नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक मात्र अनेक वर्षे आधी छापता येते. अपारंपरिक ऊर्जास्रोतांत इतका वक्तशीर स्रोत दुसरा नाही. असे असूनही, आज आपल्या देशात भरतीवर वा लाटांवर व्यावसायिक तत्त्वावर चालणारा एकही वीजप्रकल्प उभा नाही. असे का व्हावे?

दोन वेगळे स्रोत

भरतीची ऊर्जा आणि लाटांची ऊर्जा यांचा उल्लेख बहुधा एका दमात होतो. परंतु त्यांचे उगम भिन्न आहेत. भरती-ओहोटी चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे होते, तर लाटा वाऱ्यामुळे उठतात. भरतीपासून वीज मिळविण्याची जुनी पद्धत म्हणजे खाडीच्या मुखाशी बंधारा बांधून पाणी अडविणे आणि ओहोटीच्या वेळी ते टर्बाइनमधून सोडणे. यात मिळणारी ऊर्जा पाण्याच्या पातळीतील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाच मीटरऐवजी दहा मीटर फरक मिळाला, तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणूनच जागेची निवड निर्णायक ठरते. खंबातच्या आखातात हा फरक कमाल ११ मीटर, तर कच्छच्या आखातात कमाल ८ मीटर आहे. मुंबईत मात्र उधाणाच्या दिवशीही तो जेमतेम पाच मीटरपर्यंत जातो आणि भांगाच्या दिवसांत त्याहून बराच खाली येतो.

लाटांची वीज मिळविण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे खालून समुद्राकडे उघडी असलेली काँक्रीटची खोली. लाट आत शिरली की खोलीतील हवा वर दाबली जाते, लाट ओसरली की हवा परत आत खेचली जाते. या येणाऱ्या-जाणाऱ्या हवेच्या झोतावर टर्बाइन फिरते.

ला रान्स ते सिहवा

भरतीच्या विजेचे सर्वांत जुने मोठे उदाहरण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात आहे. रान्स नदीच्या मुखावर २४० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प १९६६ साली सुरू झाला आणि तो आजही वीज देतो. वर्षाकाठी तेथे सुमारे ५० कोटी युनिट वीज तयार होते. म्हणजे पूर्ण क्षमतेच्या जेमतेम चौथा हिस्सा. भरतीचे वेळापत्रक पक्के असले, तरी वीज सलग मिळत नाही, ती ठरावीक तासांतच हाती येते. शिवाय बांधकामासाठी खाडीचे मुख सुमारे तीन वर्षे बंद ठेवल्याने तेथील जीवसृष्टीची मोठी हानी झाली आणि ती सावरायला दहाएक वर्षे लागली.

दक्षिण कोरियातील सिहवा सरोवराची कथा वेगळी आहे. तेथे समुद्रभिंत १९९४ मध्येच पूर्ण झाली होती. गोड्या पाण्याचा साठा करण्याचा बेत होता. पण अडविलेले पाणी दूषित झाले. मग त्याच भिंतीत टर्बाइन बसवून समुद्राचे पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू देण्यात आले. २०११ मध्ये सुरू झालेल्या या २५४ मेगावॉटच्या प्रकल्पाने वीजही दिली आणि पाण्याचा दर्जाही सुधारला.

लाटांच्या बाबतीत अनुभव अधिक कडू आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २००८ मध्ये ‘पेलामिस’ या तरंगत्या यंत्रांचा २.२५ मेगावॉटचा संच उभारला गेला. काही महिन्यांतच तो काढून घ्यावा लागला आणि २०१४ मध्ये कंपनीच अडचणीत येऊन थांबली. याउलट स्पेनमधील मुत्रिकू येथे बंदराचा ब्रेकवॉटर बांधतानाच त्यात हवेच्या खोल्या ठेवण्यात आल्या. २०११ मध्ये सुरू झालेला हा संच अवघा २९६ किलोवॉटचा. पण तो टिकला.

आपल्याकडील प्रयत्न

भारत या क्षेत्रात उशिरा आला असे नव्हे. केरळमधील विळिंजम येथे आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने १५० किलोवॉटचा लाटांवरील प्रायोगिक संच १९९१ मध्येच सुरू झाला होता. पुढे तो बंद पडला. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवरील ३.७५ मेगावॉटच्या प्रकल्पाचा अंदाजित खर्च २३८ कोटी रुपयांवर, म्हणजे मेगावॉटमागे ६३ कोटींवर गेला आणि तो सोडून देण्यात आला. कच्छच्या आखातातील ५० मेगावॉटच्या योजनेला गुजरात सरकारने २०११ मध्ये संमती दिली. सुमारे ७५० कोटी रुपयांच्या खर्चापायी तीही मागे पडली. त्यानंतर २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील सौरऊर्जेच्या लिलावात युनिटमागे २ रुपये ४४ पैसे दर निघाला. या दरापुढे समुद्राचा निभाव लागणे कठीणच होते.

पैशाखेरीज इतरही अडथळे आहेत. खंबातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या प्रचंड गाळ आणतात. बंधाऱ्यामागे तो साचणार. कच्छच्या आखातात प्रवाळ आणि सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. खारे पाणी यंत्रांना गंजवते आणि वादळात एका रात्रीत सारे उद्ध्वस्त होऊ शकते. खाडीच्या मुखावर पोट असलेल्या मच्छीमारांचा प्रश्न तर कोणत्याही आराखड्यात सर्वांत शेवटी येतो.

कोकणाने काय घ्यावे?

आयआयटी मद्रास आणि क्रिसिल यांच्या २०१४ मधील अभ्यासात देशाची क्षमता भरतीसाठी सुमारे १२,५०० मेगावॉट, तर लाटांसाठी सुमारे ४१,००० मेगावॉट मांडण्यात आली. केंद्राने २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला अपारंपरिक ऊर्जेचा दर्जाही दिला. परंतु हे आकडे सैद्धांतिक आहेत. त्यांतून वीज किती आणि कोणत्या दराने मिळेल, हे त्यांवरून ठरत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा फरक बेताचा आणि लाटांचा जोर मुख्यत्वे पावसाळ्याच्या चार महिन्यांत. त्यामुळे या किनाऱ्याने हजारो मेगावॉटची स्वप्ने पाहू नयेत, हेच बरे.

मात्र सिहवा आणि मुत्रिकू यांचा धडा आपल्याही उपयोगाचा आहे. केवळ विजेसाठी समुद्रात भिंत घालणे परवडत नाही. अन्य कारणासाठी भिंत व्हायचीच असेल, तर तिच्यात विजेची सोय करणे परवडू शकते. मासेमारी बंदरांसाठी ब्रेकवॉटर बांधले जात राहणारच आहेत. आराखडा कागदावर असतानाच त्यात चार-सहा हवेच्या खोल्यांचा विचार झाला, तर बंदरातील दिवे आणि बर्फाचा कारखाना यांना लागणाऱ्या विजेचा काही भाग तेथेच मिळू शकेल. एकदा काँक्रीट ओतले गेले की मग ही संधी पुन्हा येत नाही.