पडद्यापुढचा धूप

निर्गमच्या तिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला धुपाची कृती सांगतो. नाटाफ, शहेलेथ, हेल्बना आणि शुद्ध ऊद समभाग घ्यायचे, मीठ घालायचे, बारीक कुटायचे. असा धूप कुणी स्वतःच्या हौसेसाठी केला, तर त्याला समाजातून काढून टाकावे, अशी ताकीदही तिथेच आहे. तो जाळायची वेदी बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढवलेली. हातभर लांब, हातभर रुंद, दोन हात उंच. ती निवासमंडपात, परमपवित्र स्थानाच्या पडद्यासमोर असे. सकाळी दिवे साफ करताना आणि संध्याकाळी उजळताना याजक तिच्यावर धूप घाली. पशूंचे बळी बाहेर अंगणात होत. पडद्याच्या इतक्या जवळ रोज जळे तो धूपच.

यातला ऊद दक्षिण अरबस्तानातून आणि सोमालियाच्या बाजूने येई. झाडाच्या सालीला खाचा पाडायच्या, पाझरलेला डिंक वाळला की खरवडून घ्यायचा. आपल्या सातपुड्यातली सालई याच कुळातली. उंटांच्या तांड्यांवरून हा माल यहूदात पोचे. नेगेव वाळवंटातल्या अराद किल्ल्यात इसवी सनपूर्व आठव्या शतकातले एक देवस्थान सापडले आहे. तिथल्या दोन दगडी वेद्यांवरच्या थराची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. मोठ्या वेदीवर चरबीत मिसळलेला ऊद होता आणि धाकटीवर चक्क गांजा. म्हणजे यहूदाच्या राज्यातही वेदीवर जळे ते सगळे निर्गमच्या कृतीतले नव्हते. मोजमापाचा आणि ताकिदीचा एवढा आग्रह का, हे त्यामुळे समजते.

पुढे यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरात ही कृती अकरा द्रव्यांची झाली, असे रब्बींची परंपरा सांगते. वर्षाला ३६८ माने (एक जुने वजन) धूप लागे: दिवसाला एक, आणि प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी तीन जादा. धूर काठीसारखा सरळ वर चढावा म्हणून त्यात एक वनस्पती घालत, आणि ती फक्त अव्तिनास घराण्याला ठाऊक होती. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही, म्हणून मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाने त्यांना नावे ठेवली आहेत. पण मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या ताल्मूदने त्यांची बाजूही नोंदवली आहे. मंदिर एक दिवस पडणार आणि मग ही विद्या नालायक माणसाच्या हाती लागून मूर्तीपुढे वापरली जाईल, अशी त्यांना धास्ती होती. त्या घरातल्या नववधूसुद्धा अत्तर लावत नसत. मंदिराच्या धुपातले थोडे घरी वळवले, असा संशयही कुणाला येता कामा नये! पूजेची वस्तू स्वतःच्या अंगाला लागू न देणारी ही माणसे मला फार मोठी वाटतात.

निर्गमच्या मूळ चार द्रव्यांतला हेल्बना एकटा जाळला तर वास नकोसा होतो. ताल्मूदमधल्या एका रब्बीने त्यावरून काढलेला अर्थ विलक्षण आहे. ज्या उपवासाला पापी माणसे सामील नाहीत तो उपवासच नव्हे, कारण शास्त्राने हेल्बनालाही सुगंधी द्रव्यांतच मोजले आहे.

चर्चमध्ये एक गोष्ट फार सहज बोलली जाते: यहुद्यांकडे बाह्य विधी होते, अंतःकरणाची उपासना ख्रिस्ताने आणली. हे अन्यायाचे आहे. मंदिर उभे होते, धूप चालू होता, तेव्हाच यशया संदेष्ट्याने सांगितले की हात रक्ताने माखलेले असतील तर त्या धुपाचा देवाला वीट येतो. शबाहून आणलेला ऊद देवाला कशाला हवा, असे यिर्मयाने विचारले. १४१ व्या स्तोत्राच्या कर्त्याने तर आपली प्रार्थनाच धुपाच्या जागी ठेवली. येशू याच परंपरेत वाढला. लूकचे शुभवर्तमान सुरू होते तेही धुपाच्या वेळी. चिठ्ठी पडून जखऱ्या याजक आत गेला आहे, लोक बाहेर प्रार्थना करत आहेत. आतला धूर आणि बाहेरची प्रार्थना तिथे एकत्रच आहेत. प्रकटीकरणात पवित्र जनांच्या प्रार्थना सोन्याच्या वाट्यांत धूप होऊन येतात, तेही इथूनच आलेले.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले. यहुद्यांनी धूप थांबवला. त्या द्रव्यांची यादी मात्र अनेक यहुदी प्रार्थनापुस्तकांत आजही पाठ म्हणून आहे. ख्रिस्ती लोकांनी धुपाकडे पाठ फिरवली ती वेगळ्या कारणाने. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पायला लावी. अर्पण केले की सुटका. २५० साली डेशियस सम्राटाने सगळ्या साम्राज्याला देवांपुढे अर्पण करायला लावले, तेव्हा ज्यांनी धूप घालून जीव वाचवला त्यांना मंडळीत परत कसे घ्यावे यावर मोठा वाद झाला. चिमूटभर धूप म्हणजे विश्वासघात, असा तो काळ. तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती माणसे शबाची सुगंधी द्रव्ये खर्चतात ती मृतांच्या दफनासाठी, देवांना धूप घालण्यासाठी नव्हे.

छळ संपला आणि दोन पिढ्यांत धूप परतला. ३८० च्या दशकात एगेरिया नावाची यात्रेकरू यरुशलेमला आली होती. रविवारी पहाटे ख्रिस्ताच्या कबरीच्या गुहेत धुपाटणी नेत, सुगंध सगळ्या चर्चमध्ये भरे आणि मग बिशप पुनरुत्थानाचे शुभवर्तमान वाचत, असे तिने लिहिले आहे. पौर्वात्य चर्चमध्ये सायंप्रार्थनेला १४१ वे स्तोत्र गाताना आजही धूप दाखवतात. कॅथॉलिक मिस्सेत १९७० पासून तो ऐच्छिक आहे. वसईत, गोव्यात सणाला आणि अंत्यविधीला साखळीचे धुपाटणे हलताना दिसते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तो सहसा नसतो.

दोन्ही बाजूंना मी चूक म्हणणार नाही. धूप घालणाऱ्याने यशयाचा पहिला अध्याय डोळ्यांपुढे ठेवावा. न घालणाऱ्यानेही तोच वाचावा, कारण पुढच्याच वचनांत यशया पुष्कळ प्रार्थनांविषयीही हेच म्हणतो, आणि लगेच अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या, असे सांगतो.