स्वगताची वहिवाट

जुन्या मराठी नाटकाचे एखादे पुस्तक उघडले म्हणजे संवादांच्या आरंभी कंसात छापलेले ‘स्वगत’ आणि ‘उघड’ हे शब्द पानोपानी दृष्टीस पडतात, आणि वाचक बहुधा ते ओलांडून पुढे जातो. परंतु रंगभूमीच्या दप्तरातील सर्वांत जुनी कबुलायत याच दोन शब्दांत नमूद झालेली आहे. शेजारी दोन हातांवर उभ्या असलेल्या पात्राला जे ऐकू येत नाही ते शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ऐकू यावे, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटू नये, अशी ती कबुलायत आहे. पात्रांहून अधिक जाणण्याचा हा प्रेक्षकाचा हक्क कोणी सनद देऊन बहाल केलेला नाही. तो वहिवाटीने सिद्ध झालेला आहे.

संस्कृत नाट्यशास्त्रकारांनी या वहिवाटीची बारकाईने वर्गवारी केली होती. पात्र मनाशी बोलते ते स्वगत. मंडळींतील इतरांना वगळून एकाच्याच कानी घालावयाचे ते जनांतिक, आणि त्यासाठी अनामिका वाकवून बाकीची बोटे उभी धरलेला त्रिपताक हस्त आडपडद्यासारखा धरावयाचा. तोंड फिरवून गुपित सांगावयाचे ते अपवारित. आणि रंगमंचावर नसलेल्या माणसाशी, त्याचे न ऐकू येणारे शब्द आपणच पुन्हा उच्चारून, चालविलेला संवाद ते आकाशभाषित. भिंत नाही, दार नाही, केवळ एका हाताच्या आडोशाने एकांत उभा करणारी ही योजना दिसावयास भोळी, पण प्रेक्षकाच्या बुद्धीवर पूर्ण भरवसा टाकणारी होती.

1843 साली सांगलीस चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा या भरवशाची सारी मुखत्यारी सूत्रधाराकडे होती. मंगलाचरण त्याने करावे, वनचराच्या वेषातील विदूषकाशी थट्टा त्याने करावी, गणपती आणि मयूरवाहिनी सरस्वती यांना पाचारण त्याने करावे, आणि कथेला आरंभ झाल्यावरही बाजूस उभे राहून टाळमृदंगाच्या साथीवर पदे त्यानेच गावी. पात्रांनी त्या पदांच्या अनुरोधाने ऐनवेळी सुचेल ते गद्य बोलावे. रामाच्या मनात काय चालले आहे ते रामाने सांगावयाचे नव्हते. ते सूत्रधाराच्या पदातून कळे. मनातील गोष्ट अद्याप परक्याच्या मुखी होती, असे या पद्धतीचे वर्णन करता येईल.

ती पात्राच्या स्वतःच्या मुखी आली 1880 साली. त्या वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि सूत्रधार नटीसह प्रस्तावना आटोपून निघून जाऊ लागला. त्याची पदे मात्र मागे राहिली आणि ती पात्रे गाऊ लागली. संगीत नाटकातील पद हे पुष्कळदा गायिलेले स्वगतच असते, ही गोष्ट गाण्याच्या गोडीमुळे आपल्या लक्षातून निसटते. शिवाय कालिदासाची रचनाच अशी की, दुर्वासाचा शाप दोघी सख्यांच्या आणि प्रेक्षकांच्या कानी पडतो, शकुंतलेच्या पडत नाही. म्हणून दुष्यंत तिला ओळख देत नाही तेव्हा तिचा आक्रोश आपल्याला दुप्पट लागतो. 1882 च्या ‘सौभद्रा’त याच ज्ञानाचे हास्यात रूपांतर झाले: बलराम ज्या यतीपुढे भक्तिभावाने हात जोडतो तो अर्जुन आहे, हे प्रेक्षक जाणतो, आणि श्रीकृष्ण तर त्याहूनही अधिक जाणतो.

इकडे विद्यालयांतून शेक्सपिअरचा अभ्यास सुरू झाला होता, आणि त्याच्या नाटकांतील आत्मसंवाद मराठीस परके वाटण्याचे कारणच नव्हते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ 1883 साली प्रसिद्ध केले, आणि गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, पाहावयास माणसे जमू लागली ती प्रामुख्याने एका माणसाचे स्वतःशी चाललेले भांडण ऐकण्यासाठी. देवलांनी मात्र या साधनाचा उपयोग तिसऱ्याच रीतीने केला. त्यांचे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ पुढे ‘संशयकल्लोळ’ या नावाने संगीत झाले. त्यात एक तसबीर भलत्याच हाती पडते, ती कशी पडली हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि फाल्गुनराव स्वतःशी तर्काचे इमले रचीत असता आपण त्याच्या अज्ञानाला हसत राहतो.

परंतु या हक्काची खरी कसोटी 1907 साली लागली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त रंगमंचावरील कोणतेही पात्र विराटनगरीबाहेरचा एक शब्द बोलत नव्हते, तरी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीच्या ठिकाणी पराधीन भारतभूमी प्रेक्षकाने आपली आपण ओळखली. येथे नाटककाराने अवघे नाटकच जनांतिक केले होते, आणि ज्याला वगळावयाचे ते सरकार होते. ते सरकारला उमगले तेव्हा, 1910 साली, बंदीचा हुकूम सुटला. ज्या आरोपाला संहितेतील एकाही वाक्याचा उघड पुरावा नाही अशा आरोपाखाली नाटक बंद व्हावे, यापरते रूपकाच्या सामर्थ्याचे प्रमाणपत्र दुसरे कोणते?

1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले, तेव्हा वास्तवतेचा नवा कायदा अमलात आला. तीन भिंतींचा दिवाणखाना उभा राहिला, स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या, पदे मोजकी उरली. आणि ज्या दिवाणखान्यात माणूस मोठ्याने स्वतःशी बोलत नाही तेथे स्वगताला जागा कोठली? आक्षेप रास्त होता. परंतु पात्राच्या मनात शिरण्याची प्रेक्षकाची हौस कायद्याने थोडीच मिटते! तिने मग आड मार्ग शोधले: वाचून घाईने लपविलेले पत्र, अर्ध्यावर सोडलेले वाक्य, खिडकीपाशी पाठमोरे उभे राहणे. ‘घाशीराम कोतवाला’त 1972 साली सूत्रधार पुन्हा राजरोसपणे रंगमंचावर आला, ही गोष्ट मागाहूनची, तोपर्यंत ही वहिवाट चोरवाटेने चालूच होती.

कारण त्याच वास्तववादी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टेलिफोन असे. त्याची घंटा वाजे, नायिका तो उचले, पलीकडच्या अदृश्य माणसाचे शब्द प्रेक्षकांसाठी पुन्हा उच्चारी, आणि उत्तर देई. शास्त्रकारांनी यालाच आकाशभाषित म्हटले होते; त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, इतकाच काय तो फरक.