डच ईस्ट इंडिया कंपनीतील नोकरी

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या (१६०२–१७९९) नोकरवर्गाची भरती, वेतन, सेवाशर्ती व जीवनमान ह्यांचा इतिहास. भागधारकांच्या भांडवलावर उभी असलेली, अनेक देशांत वखारी असणारी आणि दूरस्थ संचालकांच्या आदेशांनुसार चालणारी ही कंपनी आधुनिक बहुराष्ट्रीय कंपन्यांची पूर्वसूरी मानली जाते. अशा नोकरीचे लाभ व तोटे तिच्या इतिहासात प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसून येतात.

२० मार्च १६०२ रोजी सनद मिळालेल्या ह्या कंपनीचे मूळ भांडवल सु. ६४ लाख गिल्डर होते. तिचा कारभार सतरा संचालकांचे मंडळ पाही. आशियातील मुख्य ठाणे १६१९ पासून बटेव्हिया (सध्याचे जाकार्ता) येथे होते. जपानमधील देशिमापासून कोकणातील वेंगुर्ल्यापर्यंत (वखार १६३७) तिची माणसे नेमलेली असत. दोन शतकांत सु. १० लाख लोक तिच्या जहाजांतून आशियाकडे निघाले, त्यांपैकी सु. एकतृतीयांशच यूरोपात परतले.

भरती व करार : एवढी माणसे एकट्या नेदर्लंड्समधून मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे जर्मन प्रदेश व स्कँडिनेव्हिया येथील गरीब तरुणांची भरती होई. सैनिकांत तर जर्मनांचा भरणा मोठा होता. खलाशाचा करार सामान्यतः तीन, तर सैनिकाचा पाच वर्षांचा असून त्यात प्रवासाचा काळ धरला जात नसे. बंदरातील खानावळवाले अशा उमेदवारांना अन्न, निवारा व कपडे उधारीवर देत आणि त्यांच्या भावी वेतनावरील हक्काचा रोखा स्वतःकडे घेत. अठराव्या शतकात हा रोखा १५० गिल्डरपर्यंतचा असे. धारकाला पैसे मिळत, ते नोकराच्या नावावर वेतन जमा होईल तसतसे. नोकर लवकर मेल्यास रोखा बुडे. म्हणून तो बाजारात कमी किमतीस विकला जाई. हा व्यवहार करणाऱ्यांना लोक ‘जिवांचे विक्रेते’ म्हणत.

लाभ : सैनिकाला दरमहा सु. ९, खलाशाला ७ ते ११, तर जहाजाच्या कप्तानाला ६० ते ८० गिल्डर वेतन मिळे. हे दर जवळजवळ दोनशे वर्षे फारसे बदलले नाहीत. वेतन अल्प असले, तरी ते निश्चित होते. नोकराला आपल्या वेतनापैकी वर्षाला तीन महिन्यांपर्यंतची रक्कम पत्नी, मुले वा आईवडील ह्यांच्या नावे लावून देता येई. तो मेल्यास शिल्लक वेतन वारसांना मिळे. जन्माने सामान्य असलेल्यालाही वर चढण्यास येथे वाव होता. फ्रान्स्वा कारॉन १६१९ मध्ये जहाजावरील स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून जपानला गेला. पुढे तो तेथील वखारीचा प्रमुख आणि बटेव्हियात व्यापाराचा महासंचालक झाला.

तोटे : आठ महिन्यांच्या प्रवासात स्कर्व्ही व ज्वर ह्यांनी अनेकांचा बळी जाई. ताजे अन्न व पाणी मिळावे म्हणून १६५२ मध्ये केप येथे ठाणे वसविण्यात आले. बटेव्हियात १७३३ नंतर हिवतापाने हाहाकार माजविला. शिस्त कठोर होती. आशियाई स्त्रीशी विवाह केलेल्यास, ती हयात असेपर्यंत, मायदेशी परतण्यास सामान्यतः मनाई असे. कंपनीच्या ठाण्यांत राबणाऱ्या गुलामांना तर वेतन, करार वा वारसाहक्क ह्यांपैकी काहीच नव्हते.

खाजगी व्यापार : तुटपुंज्या वेतनावर दूरदेशी ठेवलेले अधिकारी निषिद्ध असलेला खाजगी व्यापार सर्रास करीत. केपच्या ठाण्याचा संस्थापक यान व्हान रीबेक हा स्वतः ह्याच कारणावरून टाँकिनमधून परत बोलावला गेला होता. कारॉनवरही असाच आरोप आला. संपत्ती जमली ती प्रामुख्याने अशा वरच्या थरातील लोकांची. खलाशी व सैनिक ह्यांना ती संधी क्वचितच मिळे.

ह्या सेवेचे दुहेरी स्वरूप गेओर्ग एबरहार्ड रुम्फियुस (१६२७–१७०२) ह्याच्या चरित्रात दिसते. हा जर्मन तरुण १६५२ मध्ये सैनिक म्हणून कंपनीत दाखल झाला आणि अँबोइना बेटावर व्यापारी पदास पोहोचला. तेथे त्याने वनस्पतींचा अभ्यास आरंभिला. १६७० मध्ये तो अंध झाला. १६७४ च्या भूकंपात त्याची पत्नी व एक कन्या मरण पावली. कंपनीने त्याला सेवेत ठेवले व लेखनिक दिले. परंतु त्याचा ग्रंथ प्रसिद्ध करण्याबाबत मात्र तिने हात आखडता घेतला. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७४१–५० ह्या काळात प्रकाशित झाला.

चौथे इंग्रज–डच युद्ध (१७८०–८४) व वाढते कर्ज ह्यांमुळे कंपनी खचली. १७९६ मध्ये शासनाने ती ताब्यात घेतली व १७९९ अखेर ती विसर्जित झाली. तिचे दप्तर २००३ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदणीत समाविष्ट झाले. त्यातील अठराव्या शतकातील सु. ३,००० वेतनपुस्तके हेग येथे जतन केलेली आहेत. त्यांत प्रत्येक नोकराच्या नावापुढे त्याचे गाव, हुद्दा, वेतन, कर्ज व सेवासमाप्तीचे कारण नोंदलेले आढळते. कंपनीने माणसाच्या वेतनाचा हिशेब त्याच्या मृत्यूनंतरही चोख ठेवला. त्याच्या जिवाची किंमत मात्र तिच्या ताळेबंदात कोठेच धरलेली नव्हती.