झुरिचच्या पांढऱ्या भिंती

युरोपांतील धर्मसुधारणेचा इतिहास शिकवितांना विद्यार्थ्यांचा एक समज वारंवार दृष्टीस पडतो. कॅथॉलिक ते मूर्तिपूजक आणि प्रॉटेस्टंट ते मूर्तिभंजक, अशी वाटणी करून ते मोकळे होतात. व मूर्ति फोडणाऱ्यास ती निव्वळ लांकूड किंवा दगड वाटत असली पाहिजे, असें अनुमान काढतात. वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. स्वित्झर्लंडांतील झुरिच नगराच्या हकीकतीवरून हें स्पष्ट होईल.

हा वाद प्रॉटेस्टंट पंथाहून फार जुना. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपानें आपल्या चर्चमधील प्रतिमा फोडल्या, तेव्हां पोप ग्रेगरीनें त्यास पत्र लिहिलें. प्रतिमांची पूजा बंद केलीस हें ठीक, पण त्या फोडावयास नको होत्या, कारण निरक्षरांना भिंतीवरचें चित्र हाच ग्रंथ, असा त्याचा आशय होता. पुढें ७८७ सालीं नायसियाच्या धर्मपरिषदेनें ठरविलें, कीं मूर्तीस दिलेला मान मूळ व्यक्तीस पोंचतो. खरी आराधना मात्र परमेश्वराचीच. हा भेद पंडितांना सोपा होता. नवस फेडण्यास मेणबत्ती घेऊन आलेल्या भाविकाच्या मनांत तो किती टिकत असेल, हाच खरा प्रश्न होता.

झुरिचमध्यें तो प्रश्न झ्विंग्ली व त्याचे सहकारी यांनीं व्यासपीठावरून विचारला. सप्टेंबर १५२३ मध्यें क्लाउस होटिंगर नांवाच्या जोडे शिवणाऱ्या कारागिरानें सोबत्यांसह वेशीबाहेरचा एक मोठा लांकडी क्रूस पाडला. त्याचें लांकूड विकून पैसा गोरगरिबांस द्यावयाचा होता, असें त्याचें म्हणणें. उपाशी माणूस हीच देवानें स्वतः घडविलेली प्रतिमा. तिला उघडें ठेवून लांकडास वस्त्रालंकार घालावेत काय, असा झ्विंग्लीच्या पक्षाचा युक्तिवाद होता. नगरसभेनें ऑक्टोबरमध्यें जाहीर वादसभा भरविली. होटिंगर हद्दपार झाला. कॅथॉलिक प्रदेशांत सांपडला आणि मार्च १५२४ मध्यें लुसर्न येथें त्याचा शिरच्छेद करण्यांत आला.

अखेर १५ जून १५२४ रोजीं मूर्ति काढण्याचा हुकूम सुटला. ज्यांनीं किंवा ज्यांच्या पूर्वजांनीं त्या अर्पण केल्या होत्या, त्यांना त्या घरीं नेण्याची मुभा होती. उरलेल्या मूर्ति धर्मोपदेशक, सुतार, गवंडी व लोहार यांनीं चर्चचीं दारें आंतून लावून घेऊन काढल्या. नंतर भिंतींना चुना फांसला गेला. पुढील वर्षीं प्रभुभोजनास लांकडी पेले आले, आणि मठांच्या उत्पन्नांतून दरिद्री लोकांस रोज अन्न मिळूं लागलें. आजोबांनीं दिलेली मूर्ति पाठीवर टाकून घरीं परतणाऱ्या गृहस्थाचें मन मात्र कोणत्या दप्तरांत नोंदलें गेलें असेल!

आतां एक गोष्ट पाहा. चर्चच्या खिडक्यांतील रंगीत कांचांवरील चित्रांना झ्विंग्लीची हरकत नव्हती. कारण त्यांच्यापुढें कोणी गुडघे टेकीत नसे. उलट, तो स्वतः अनेक वाद्यें वाजविणारा निष्णात संगीतज्ञ असूनहि झुरिचच्या उपासनेंतून संगीत गेलें आणि १५२७ मध्यें मुख्य चर्चचा ऑर्गनहि काढण्यांत आला. जें मनाला ओढून घेतें तेंच त्यास भयावह वाटे. मूर्तीचें सामर्थ्य पूजकाइतकेंच भंजकासहि मान्य होतें. किंबहुना तें अधिक जाणवल्यामुळेंच त्यानें हातोडा उचलला.

सर्वच सुधारक या मताचे नव्हते. विटेनबर्ग येथें १५२२ च्या आरंभीं कार्लस्टाटच्या प्रेरणेनें अशीच लाट उठली, तेव्हां ल्यूथर मार्चमध्यें परत येऊन लागोपाठ आठ दिवस प्रवचनें करता झाला व त्यानें ती शमविली. मूर्ति आधीं मनांतून गेली पाहिजे, मग भिंतीवर राहिली तरी बाध नाहीं, हें त्याचें मत. हा मतभेद दशाज्ञांच्या गणनेंतहि दिसतो. कॅथॉलिक व ल्यूथरपंथी मूर्तीचा निषेध पहिल्याच आज्ञेंत धरतात. झ्विंग्ली व कॅल्व्हिन यांचे अनुयायी ती स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात.

इकडे कॅथॉलिकांनींहि टीका अगदींच झिडकारली नाहीं. डिसेंबर १५६३ मध्यें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें मूर्ति ठेवण्याचें समर्थन केलें. पण मूर्तींत स्वतःचें कांहीं दैवत्व नाहीं हें बजावून, भोळ्या समजुती व त्यांवर होणारी कमाई बंद करण्याची आज्ञा दिली. तत्त्वतः दोन्ही पक्ष वाटतात तितके दूर नव्हते. मनुष्याच्या दुर्बलतेवर कितपत विश्वास टाकावा, एवढ्यावरच ते भांडत होते. त्यासाठीं माणसें मेलीं आणि कित्येक शतकांची कला नष्ट झाली.

झुरिचच्या त्याच मुख्य चर्चमध्यें १९३३ सालीं आउगुस्टो जाकोमेत्ती या चित्रकाराच्या नव्या खिडक्या बसविण्यांत आल्या. त्यांत बाळ येशू आणि त्याची माता आहेत. चारशें वर्षांनीं मेरी परत आली ती कांचेवर. पूजेसाठीं नव्हे, पाहण्यासाठीं. पोप ग्रेगरीनें मार्सेयच्या बिशपास जवळजवळ हेंच सांगितलें होतें.