कारंज्याची लूट आणि एक लुगडें

शिवछत्रपतींच्या स्त्रीविषयक वर्तनाचा विषय निघाला कीं कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट हटकून सांगितली जाते. गोष्ट सुंदर आहे. पण समकालीन कागदपत्रांत तिला आधार सांपडत नाहीं, आणि गोष्टीच्या सौंदर्यानें पुराव्याची जागा भरून काढणें हें इतिहाससंशोधकाचें काम नव्हे. त्याच मुद्यावर अधिक भरंवशाची, परंतु फारशी चर्चिली न गेलेली अशी एक हकीकत वऱ्हाडांतील कारंजें या गांवची आहे. ती एका वाक्याएवढीच आहे. त्या एका वाक्यांतून काय काय निष्पन्न होतें, आणि काय होत नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

लाडाचें कारंजें हें गांव आज वाशीम जिल्ह्यांत आहे. १ जुलै १९९८ रोजीं हा जिल्हा अकोल्यापासून वेगळा करण्यांत आला. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहे या वेशींनीं वेढलेलें हें जुनें व्यापारी ठाणें आमच्या वाचकांपैकीं अनेकांस दुसऱ्याच कारणानें परिचित असेल. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन जैन परंपरांचीं मंदिरें येथें आहेत, आणि त्यांच्या भांडारांतील पोथ्यांचा परिचय रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या हस्तलिखितांच्या सूचीनें विद्वानांस करून दिला. जेथें पोथ्या लिहवून घेण्यापुरतें द्रव्य होतें, तेथें लुटण्यापुरतेंहि होतें, हें ओघानेंच आलें.

इ. स. १६७० च्या ऑक्टोबरांत सुरतेची दुसरी लूट झाली. त्याच महिन्यांत वणी-दिंडोरीची लढाई झाली. डिसेंबरांत मराठ्यांची फौज खानदेशांत शिरली, बऱ्हाणपुराजवळील बहादुरपूर लुटलें आणि तेथून ती वऱ्हाडांत उतरली. या सुभ्यास मराठ्यांच्या स्वारीची संवय नव्हती, त्यामुळें बंदोबस्तहि नव्हता. जदुनाथ सरकार यांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिवचरित्रांत या प्रसंगाचें वर्णन दिलें आहे, तें असें: उंची कापड, सोनें व रुपें मिळून सुमारें एक कोटीची लूट कारंज्यांत मिळाली; ती चार हजार बैलांवर व गाढवांवर लादून नेली; गांवांतील सारे धनिक पुरुष खंडणीसाठीं पकडून नेले; त्यांतील सर्वांत मोठा असामी तेवढा स्त्रीवेष घेऊन निसटला.

हें शेवटचें कलम वाचून प्रथम हसूं येतें. पुरुषानें लुगडें नेसून पळावें यापरती नामुष्की त्या काळच्या कल्पनेप्रमाणें दुसरी नव्हती. "बांगड्या भरा" हा आपल्या भाषेंतला टोमणा जुना आहे, आणि भ्याड ठरलेल्यास लुगडेंचोळी पाठविणें हीहि अपमानाची ठरीव रीत होती. त्या रीतीचा अर्थ स्पष्ट आहे: ज्यास शस्त्र धरतां येत नाहीं त्याचा हा वेष, आणि ज्यास शस्त्र धरतां येत नाहीं त्याचें काय करावें हें शस्त्र धरणारानें ठरवावयाचें. एरवींच्या लुटींत हा वेष घेणें म्हणजे एका संकटांतून दुसऱ्या संकटांत पडणें होय. कारण पडत्या शहरांत पुरुषाचा जीव व धन जाई, तर स्त्रीचें त्याहून अधिक जाई.

असें असतां कारंज्याच्या त्या चतुर सावकारानें हाच वेष कां निवडला? फकीर, गोसावी, हमाल, कोणतेंहि सोंग त्यास घेतां आलें असतें. लुगडें निवडलें यावरून असें अनुमान होतें कीं, या फौजेच्या हातीं स्त्री लागली तर ती अडविली जात नाहीं, ही वार्ता फौजेच्या आधीं वऱ्हाडच्या बाजारपेठेंत पोंचली होती. हें अनुमान आहे, प्रत्यक्ष प्रमाण नव्हे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्यास दोन बाजूंनीं बळकटी येते.

पहिली बाजू घरची. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें बखर लिहिली. तींत लष्कराच्या शिस्तीचें कलम आहे. फौजेबरोबर बायको, बटीक वा कलावंतीण नसावी. परमुलखांत पोरें-बायका धरूं नयेत. मर्द सांपडल्यास धरावा. गाय धरूं नये, बैल ओझ्यापुरता धरावा. असा त्याचा आशय आहे. हा आशय कारंज्याच्या हकीकतीशीं ताडून पाहावा. मर्द धरले गेले. बैल ओझ्यासाठीं लागले. आणि स्त्रीवेषांतला इसम सुटला. तिन्ही कलमें जुळतात. सभासदानें आपल्या धन्याचा गौरव केला, असें कोणी म्हणेल. परंतु कारंज्याची हकीकत कांहीं सभासदाच्या कलमाची साक्ष म्हणून नोंदली गेलेली नाहीं. दोन स्वतंत्र धागे एका गांठींत येतात, तेव्हां ती गांठ सहज सुटत नाहीं.

दुसरी बाजू परकी. खाफीखान हा औरंगजेबाच्या पक्षाचा, शिवाजी महाराजांस शिव्या देण्यांत हात न आखडणारा इतिहासकार. तोहि लिहून ठेवतो कीं, मशीद, कुराण व कोणाचीहि स्त्री यांस उपद्रव देऊं नये असा महाराजांचा नियम होता. शत्रूच्या लेखणींतून निघालेल्या स्तुतीचें मोल अधिक धरण्याची आपली पद्धत आहे, आणि ती रास्त आहे.

आतां हा नियम आला कोठून? "मातेच्या शिकवणुकीनें" असें उत्तर तयार असतें. मातेनें रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगितल्या व पुत्र तसा झाला, एवढ्यावर बहुतेक चरित्रें थांबतात. माता व फौजेचा नियम यांच्यामधील दुवा असा कोणत्याहि एका कागदानें जोडून दाखवितां येत नाहीं. तथापि जे कागद व जे प्रसंग आहेत, ते या तयार उत्तराहून अधिक बोलके आहेत.

जिजाबाईंचें माहेर सिंदखेड. तें वाशीमच्या पश्चिमेस, आजच्या बुलढाणा जिल्ह्यांत. म्हणजे ही वऱ्हाडचीच लेक. परमानंदाच्या शिवभारतांत खंडागळ्यांच्या हत्तीचा प्रसंग आहे. एक हत्ती बेफाम झाला, त्यास आवरण्यावरून बाचाबाची झाली, आणि घटकाभरांत जाधवांचा दत्ताजी व भोसल्यांचा संभाजी असे दोन जवान सोयऱ्याधायऱ्यांच्या तलवारीनें मेले. एक जिजाबाईंचा सख्खा भाऊ, दुसरा चुलतदीर. त्यांत ना राज्य होतें, ना धर्म. केवळ मर्दुमकीचा ताठा होता. पुढें २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेस निजामशहाच्या दरबारांत पिता लखूजी जाधवराव, दोन भाऊ व एक भाचा कापले गेले. त्यानंतर सात महिन्यांच्या आंत, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुढें वडील पुत्र संभाजी कनकगिरीच्या वेढ्यांत पडला. पुरुषांच्या शौर्याची किंमत कोण भरतें हें या बाईंस कोणी शिकवावयास नको होतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, त्या केवळ पाळण्याशेजारीं बसलेल्या नव्हत्या. पुणें प्रांतांतील वतनांच्या व इनामांच्या कज्ज्यांत त्यांच्या नांवाचीं पत्रें आहेत. १६६६ सालीं महाराज आग्र्यास गेले तेव्हां राज्याचा कारभार त्यांच्या देखरेखीखालीं चालला. रयतेची बाई गाऱ्हाणें घेऊन आली तर तें ऐकणारी बाईच गादीजवळ होती. २८ जानेवारी १६४६ चें रांझ्याच्या पाटलाचें पत्र याच दृष्टीनें वाचावें. बाबाजी गुजर पाटील याजकडून 'बदअमल' घडला, म्हणून त्याचे हातपाय तोडून त्यास पाटिलकीवरून दूर केलें. महाराजांचें वय त्या वेळीं सोळा वर्षेंहि पुरें नव्हतें. पत्रांत स्त्रीचा उल्लेख स्पष्ट नाहीं, परंपरेनें तो अर्थ घेतला जातो. मात्र सभासदानें फौजेस मना केलेल्या गोष्टींतहि हाच 'बदअमल' शब्द आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तेव्हां मातेचें शिक्षण म्हणजे केवळ गोष्टी नव्हेत. घरांत ऐकलेलें दुःख, डोळ्यांसमोर चाललेला न्याय आणि तो मोडणारास निश्चित शासन, या तिहींनीं मर्दाची व्याख्या बदलली. दुसऱ्याची स्त्री हस्तगत करतो तो मर्द, ही जुनी व्याख्या. हातीं आलेलीस जाऊं देतो तो मर्द, ही नवी. ही नवी व्याख्या सौम्य नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. तिच्या रक्षणासाठीं हातपाय तोडले गेले. आणि कारंज्यांत ज्यांचे नवरे, बाप, मुलगे खंडणीसाठीं बांधून नेले, त्या बायांच्या दारीं महिनेच्या महिने काय चाललें असेल, याची नोंद कोणत्याहि दप्तरांत नाहीं. नियमानें स्त्रीचें शरीर वांचलें. तिचें घर वांचलें असें म्हणतां येत नाहीं.

शिवाय नियम हा रक्तांत उतरत नसतो. खुद्द महाराजांच्या हयातींत, कर्नाटकाच्या मोहिमेवरून परततांना, बेलवडीच्या देसाईणीशीं सखूजी गायकवाड यानें दुर्वर्तन केलें; त्याबद्दल महाराजांनीं त्याचे डोळे काढून त्यास कैदेंत टाकलें, असें तारीख-ए-शिवाजीच्या आधारें सरकार सांगतात. म्हणजे मोडणारे तेव्हांहि होते. भेद एवढाच कीं, विचारणारा होता. विचारणारा गेल्यावर काय झालें, हें पाहण्यासाठीं वऱ्हाडाबाहेर दूर जावें लागतें, पण वऱ्हाडच्याच धन्यांबरोबर जावें लागतें. ज्या नागपूरकर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनीं वाशीमास बालाजीचें देऊळ बांधिलें, त्याच घराण्याचे रघूजी भोसले यांची फौज १७४२ सालीं भास्करराम कोल्हटकर यांच्या हाताखालीं बंगाल्यांत शिरली. कारंज्याच्या लुटीस तेव्हां बहात्तर वर्षें झालीं होतीं. गंगारामानें बंगाली भाषेंत 'महाराष्ट्रपुराण' रचिलें. त्यांत या फौजेनें स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचें जें वर्णन आहे तें मराठी वाचकास खालीं मान घालावयास लावणारें आहे. बारगिरांचें तेथें 'बर्गी' झालें, आणि बंगाली आया मुलांस निजवितांना त्यांचें भय घालूं लागल्या. तीं अंगाईगीतें आजहि लोकांच्या तोंडीं आहेत.

सिंदखेडच्या एका मातेनें वाढविलेल्या पुत्राच्या फौजेपुढें कारंज्यांत लुगडें हें अभयपत्र ठरलें. तीन पिढ्यांनंतर त्याच भाषेच्या फौजेच्या नांवानें दुसऱ्या प्रांतांतल्या माता आपलीं मुलें गप्प करूं लागल्या. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. पहिली मिरवावयाची असेल तर दुसरी झांकतां येणार नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. तो सावकार निसटला. पण तें लुगडें त्यास कोणी दिलें? कोणी तरी आई, बायको किंवा दासी त्या घरांत होती. तिनें तें नेसविलें, पदर डोक्यावर ओढून दिला, आणि स्वतः मागें राहिली. नियमावर खरा भरंवसा तिनें ठेवला, कारण दारीं आलेल्या फौजेस सामोरी तीच होती. तिचें नांव आपणांपाशीं नाहीं. जैन पोथ्यांच्या प्रशस्तींत ग्रंथ लिहवून दान देणाऱ्या श्राविकांचीं नांवें, त्यांच्या कुळासह, कित्येकदां येतात. कारंजें, वाशीम, मंगरूळ, रिसोड या बाजूंस ज्यांच्या घरीं जुन्या पोथ्या, वह्या, खंडणीचीं वा कर्जरोख्यांचीं बाडें असतील, त्यांनीं शके १५९२ च्या आगेमागें पडलेल्या मित्या पाहून त्यांतील स्त्रियांचीं नांवें वेगळीं टिपून ठेवावीं. लढायांच्या याद्या आपणांपाशीं पुष्कळ झाल्या. त्या लढायांतून माणसें माणसांत कोणीं राखलीं, याची यादी अद्याप व्हावयाची आहे.