आयरिश वुल्फहाउंड : उंचीसाठी मोजलेली वर्षे

एप्रिल १६५२. आयर्लंड इंग्रज सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलच्या फौजांच्या टाचेखाली होता. लढायांनी गावे ओस पडली होती आणि रानातले लांडगे माजले होते. अशा वेळी इंग्रज अधिकारी आणि सैनिक मायदेशी परतताना तिथली लांडगेमार कुत्री बरोबर नेऊ लागले. ती नेण्यावर किल्केनीहून हुकूम काढून बंदी घालावी लागली. पुढच्याच वर्षी लांडग्यांवर इनाम लागले: मादीला ६ पौंड, नराला ५.

या कुत्र्यांची ख्याती त्याआधी हजार-बाराशे वर्षांची. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन उमराव सिमॅकस याला खेळांसाठी अशी ७ कुत्री भेट आली होती. ती पाहून सारे रोम थक्क झाले, असे त्याने आभाराच्या पत्रात लिहून ठेवले आहे. पुढे आयरिश सरदारांच्या वाड्यांत आणि युरोपातल्या राजदरबारांतही त्यांना मान मिळाला.

पण ज्याच्यासाठी हा कुत्रा होता, तो लांडगाच संपला. आयर्लंडमधला शेवटचा लांडगा १७८६ मध्ये कार्लो परगण्यात मारला गेला, असे सांगतात. मग एवढ्या मोठ्या जनावराला पोसणार कोण? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही जात जवळजवळ नामशेष झाली होती.

तिला परत आणण्याचा ध्यास घेतला कॅप्टन जॉर्ज ऑगस्टस ग्रॅहम या माणसाने. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये राहून १८६२ पासून त्याने जुन्या रक्ताची उरलीसुरली कुत्री शोधून काढली. त्यांचा स्कॉटिश डीअरहाउंडशी संकर केला, उंची आणि बळ यावे म्हणून ग्रेट डेनचे रक्त मिसळले, पुढे रशियन बोर्झोईचेही. १८८५ मध्ये आयरिश वुल्फहाउंड क्लब स्थापन झाला. आज आपण पाहतो तो वुल्फहाउंड ग्रॅहमच्या चिकाटीमुळे आहे, आणि त्याचे हे ऋण मोठे आहे. त्या क्लबने घालून दिलेल्या जातीच्या निकषांत मात्र एक अपेक्षा स्पष्ट लिहिली होती: भव्य आकार हेच ध्येय, आणि नरांची सरासरी उंची खांद्यापाशी ३२ ते ३४ इंच व्हावी. आयुष्य किती असावे, याला त्यात जागा नव्हती.

ध्येय गाठले गेले. जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोचे पिल्लू वर्ष-दीड वर्षात पन्नास किलोंच्या पुढे जाते. पूर्ण वाढलेला नर मागच्या पायांवर उभा राहिला तर सहा फुटी माणसाच्या डोक्यावरून पाहतो. आणि एवढ्या देहात स्वभाव इतका मवाळ, की राखणीला तो फारसा कामाचा नाही. घरातल्या लहान मुलाला वाट देऊन बाजूला होतो, पाहुण्याच्या मांडीवर डोके टेकून उभा राहतो. एकदा वुल्फहाउंड पाळलेली माणसे दुसरा पाळतात, मग तिसरा. प्रेम हे कारण आहेच. पण पहिला फार लवकर जातो, हेही आहे.

१९६६ ते १९८६ या काळातल्या अमेरिकेतील ५८२ वुल्फहाउंडच्या नोंदींत सरासरी आयुष्य साडेसहा वर्षांच्या आत भरले. हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते, पायाच्या हाडात कर्करोग होतो, पोटात वायू कोंडून जठराला पीळ पडतो आणि काही तासांत सारे आटोपते. जबाबदार मालक दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी करून घेतात. पाचव्या वाढदिवसाला तोंडावरचे केस पिकलेले असतात आणि घरातली माणसे त्याच्या मागच्या पायांकडे निरखून पाहू लागतात.

हे केवळ दुर्दैव नव्हे. कॉर्नेलिया क्राउस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ७४ जातींच्या ५६ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. मोठ्या जातींचे म्हातारपण लवकर सुरू होते असे नाही. सुरू झाले की ते झपाट्याने पुढे सरकते. शरीराचे वजन दर दोन किलोंनी वाढले की आयुष्यातला साधारण एक महिना कमी होतो, असा त्यांचा हिशेब. वुल्फहाउंडच्या बाबतीत त्यात भर पडली ती थोड्याच पूर्वजांची. मोजक्या कुत्र्यांपासून जात पुन्हा उभी राहिली, नंतर महायुद्धांच्या काळात पैदास आटली, आणि आजारांचा वारसाही त्याच मोजक्या वंशावळींतून वाहत आला.

ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश गार्ड्स पलटणीला १९०२ मध्ये क्लबने पहिला वुल्फहाउंड भेट दिला. त्याचे नाव ब्रायन बोरू, आयर्लंडच्या जुन्या महाराजाचे. ती परंपरा आजही चालू आहे. सेंट पॅट्रिक दिनाच्या संचलनात पलटणीचा वुल्फहाउंड पुढे चालतो आणि त्याच्या गळ्यात शॅमरॉक या आयर्लंडच्या तिपानी मानचिन्हाची पाने बांधतात. पलटणीत सैनिकाची नोकरी संपायच्या आत असे किती वुल्फहाउंड येऊन जात असतील!

ग्रॅहमने संकरासाठी निवडलेला ग्रेट डेन आज पुण्या-मुंबईच्या घरांत दिसतो. त्याचे आयुष्यही अल्पच. दारात रुबाबदार जनावर हवे म्हणून महाकाय जातीचे पिल्लू आणणाऱ्याने ब्रीडरला आई-बापाची उंची आणि बक्षिसे विचारण्याआधी आजा-आजी किती वर्षे जगले आणि कशाने गेले, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पिल्लू घेऊ नये.