हूव्हर धरण : एका दिवसाची सहल आणि दोन हिशेब



धरण पाहावयास जाणें ही अगदीं साधी सहल आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. मोटारींतून उतरावें, कठड्याशीं उभें राहून खालीं डोकवावें, भिंतीची उंची ऐकून तोंडांत बोट घालावें आणि परत फिरावें, एवढ्यानें काम भागतें असें त्यांना वाटतें. अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीवरचें हूव्हर धरण अशा रीतीनें पाहिलें तर त्याचा निम्मा भाग पाहावयाचाच राहून जातो. त्या धरणाच्या मुळाशीं दोन हिशेब आहेत. एक इंजिनियरांनीं भिंतीचा केला, तो तंतोतंत जुळला. दुसरा मुत्सद्द्यांनीं नदीच्या पाण्याचा केला, तो आजतागायत जुळलेला नाहीं. एका दिवसांत हे दोन्ही हिशेब डोळ्यांनीं तपासतां येतात. त्यासाठीं तो दिवस कसा आंखावा, हें आज सांगावयाचें आहे.

हें धरण नेवाडा व ॲरिझोना या दोन संस्थानांच्या सीमेवर, ब्लॅक कॅन्यन नांवाच्या अरुंद दरींत आहे. लास व्हेगास शहरापासून तें आग्नेयेस सुमारें ३० मैलांवर पडतें. भोंवतालचा मुलूख निव्वळ वाळवंटाचा. उन्हाळ्यांत तेथील पारा ११० अंश फॅरनहाइटच्या वर सहज चढतो. म्हणून हिवाळा किंवा वसंताचा आरंभ हाच जाण्याचा योग्य काळ होय. सकाळीं लवकर निघावें व पाणी भरपूर बरोबर घ्यावें. धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची वाटेंत तपासणी होते; तिचाही वेळ हिशेबांत धरावा.

मात्र निघण्यापूर्वीं एक प्रश्न मनाशीं विचारून ठेवावा : अशा ओसाड जागीं एवढें धरण बांधण्याची गरज कां पडली? कोलोरॅडो ही रॉकी पर्वतावरील बर्फाच्या पाण्यावर जगणारी नदी. बर्फ वितळूं लागलें कीं तिला प्रचंड पूर येई, आणि पुढें तीच नदी क्षीण होऊन जाई. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेस इंपीरियल व्हॅली नांवाचा समुद्रसपाटीहूनही खोलगट प्रदेश आहे. तेथील शेतीसाठीं नदीपासून कालवा काढलेला होता. १९०५ सालीं पुराचें पाणी त्या कालव्याच्या तोंडांतून घुसलें, आणि बघतां बघतां सारी नदी आपला मार्ग सोडून त्या खोलगट भागांत वाहूं लागली. १९०७ च्या फेब्रुवारींत आगगाडीच्या कंपनीनें दगडांची भर घालघालून तें भगदाड अखेर बुजविलें. तोंवर तेथें जो विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला, तोच आजचा सॉल्टन समुद्र. नदीला वेसण घातल्यावांचून शेतकऱ्यांना स्वस्थता नाहीं, ही गोष्ट त्या आपत्तीनें सर्वांना पटली.

पण नदी सात संस्थानांची, आणि पाण्यावर हक्क सातांचाही. म्हणून १९२२ च्या नोव्हेंबरांत सांता फे येथें तत्कालीन व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखालीं पाणीवांटपाचा करार झाला. त्या करारांतील आंकड्यांकडे आपण दुपारीं वळूं. १९२८ च्या डिसेंबरांत अध्यक्ष कूलिज यांनीं धरणाच्या कायद्यावर सही केली, आणि १९३१ सालीं सहा कंपन्यांच्या संघानें सुमारें ४ कोटी ८९ लाख डॉलरांस कंत्राट घेतलें. कामाची सूत्रें फ्रँक क्रो या अनुभवी इंजिनियराकडे होतीं.

सहलीचा पहिला मुक्काम वाटेवरच्या बोल्डर सिटी या गांवीं करावा. हें गांव मजुरांसाठीं मुद्दाम वसविलें होतें. नेवाड्यानें १९३१ सालींच जुगार कायदेशीर केला. परंतु या गांवांत तो तेव्हांही वर्ज्य होता व आजही आहे. तेथील शांत, सरळ रस्ते पाहतांना एक गोष्ट विसरूं नये. गांव तयार होण्यापूर्वींच मंदीनें बेकार झालेलीं कुटुंबें कामाच्या आशेनें येथें लोटलीं होतीं. १९३१ च्या भयंकर उन्हाळ्यांत तीं नदीकांठच्या रॅगटाउन नांवाच्या वस्तींत, तंबूंत व पुठ्ठ्यांच्या खोपटांत राहिलीं. त्याच ऑगस्टांत मजुरी कापली गेली तेव्हां मजुरांनीं संप पुकारला. थंड पाणी मिळावें व खाणींचे सुरक्षिततेचे कायदे पाळावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दारांत बेकारांची रांग उभी असल्यामुळें संप थोड्याच दिवसांत मोडला. कंत्राटांत मंगोल वंशाच्या मजुरांना सरळ मज्जाव होता. काळ्या मजुरांना फार उशिरां व फार थोड्या संख्येनें घेतलें, आणि या गांवांत राहूं दिलें नाहीं.

तेथून निघून दरीशीं पोहोंचल्यावर प्रथम कड्यांकडे पाहावें. भिंत बांधण्यापूर्वीं नदी बाजूला सारणें प्राप्त होतें. त्यासाठीं प्रत्येक अंगाच्या खडकांत दोन, असे ५६ फूट व्यासाचे चार बोगदे खणले, आणि १९३२ च्या नोव्हेंबरांत नदी त्यांतून वळविली. कड्यांवरचा सैल खडक काढण्यासाठीं माणसें दोरांना लोंबकळत शेंकडों फूट उंचीवर सुरुंग भरीत. वरून पडणाऱ्या दगडांपासून डोकें वांचावें म्हणून तीं कापडी टोप्या डांबरांत बुडवून कडक करून घेत. या कामावर ९६ मृत्यूंची अधिकृत नोंद आहे. बोगद्यांतील मोटारींच्या विषारी धुरानें माणसें दगावलीं असा मजुरांचा आरोप होता. पण कागदोपत्रीं तीं न्युमोनियानें गेलीं असें लिहिलें गेलें, व तीं या ९६ मध्यें धरलेलीं नाहींत. पाहणीच्या काळांत एक कामगार नदींत बुडून मरण पावला होता. त्याचा मुलगा काम संपतां संपतां, २० डिसेंबर १९३५ रोजीं, मनोऱ्यावरून पडून गेला. महिना तोच आणि तारीखही तीच. काँक्रीटमध्यें मजूर गाडले गेले आहेत अशी एक दंतकथा तेथें ऐकूं येते. ती मात्र खरी नाहीं. काँक्रीट एका वेळीं इतक्या पातळ थरांनीं ओतलें जाई कीं त्यांत मनुष्य नाहींसा होणें शक्य नव्हतें.

आतां भिंतीच्या माथ्यावर यावें. ही भिंत ७२६ फूट उंच व माथ्यावर १२४४ फूट लांब आहे. माथ्याशीं ती ४५ फूट जाड आहे, तर तळाशीं ६६० फूट. पहिलें काँक्रीट १९३३ च्या जून महिन्यांत ओतलें, आणि शेवटचें १९३५ च्या मे महिन्यांत. एवढें काँक्रीट एकसंध ओतलें असतें तर आपल्याच उष्णतेनें तें शतकभर निवलें नसतें व त्याला तडे गेले असते. म्हणून भिंत स्वतंत्र ठोकळ्यांनीं उभारली, त्यांतून एक इंच व्यासाच्या नळ्यांचें ५८० मैलांहून लांब जाळें घातलें, आणि त्यांतून थंड पाणी खेळवून काँक्रीट निवविलें. मग त्या नळ्याही सिमेंटनें भरून टाकल्या. इंजिनियरांचा हिशेब म्हणतात तो हा.

माथ्यावरील मनोऱ्यांवर दोन घड्याळें आहेत. एक नेवाड्याची वेळ दाखवितें व दुसरें ॲरिझोनाची. हिवाळ्यांत त्यांत एक तासाचें अंतर असतें. उन्हाळ्यांत नेवाडा घड्याळें पुढें करतें, ॲरिझोना करीत नाहीं, म्हणून दोन्ही घड्याळें एक होतात. नांवाचा घोळही असाच गमतीचा आहे. १९३० सालीं धरणाला अध्यक्ष हूव्हर यांचें नांव दिलें. निवडणुकींत ते पडल्यावर १९३३ सालीं मंत्री हॅरल्ड इकीस यांनीं त्याला बोल्डर धरण म्हणावयास लावलें. ३० सप्टेंबर १९३५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं उद्घाटन केलें, त्या भाषणांत हूव्हर यांचा उल्लेखही नव्हता. शेवटीं १९४७ सालीं प्रतिनिधिसभांनीं जुनें नांव परत दिलें.

यानंतर पाळण्यानें खालीं उतरून वीजघर पाहावें. तेथें १७ मोठीं जनित्रें आहेत. १९३६ च्या ऑक्टोबरांत येथली वीज लॉस एंजेलिसला पोहोंचली, आणि वीज विकून मिळालेल्या पैशांतूनच धरणाचें कर्ज व्याजासह फिटलें. भिंतीच्या बाबतींत सारें जमाखर्च असें चोख आहे.

दुपार कलूं लागली कीं २०१० सालीं पुरा झालेल्या नव्या पुलावर पायीं जावें. नदीपासून सुमारें ९०० फूट उंचीवरच्या या पुलावरून धरण समोरून दिसतें. येथें पुष्कळ प्रवासी दिवस संपला असें मानून परततात. वास्तविक आपल्या सहलीचा उत्तरार्ध येथून सुरू होतो. परत वळून भिंतीच्या मागचा जलाशय पाहावयाचा आहे. त्याचें नांव लेक मीड. तो भरला म्हणजे त्यांत नदीचें सुमारें दोन वर्षांचें पाणी मावतें. त्याच्या कांठच्या काळसर खडकांवर पांढऱ्या रंगाचा एक रुंद पट्टा दिसतो. पाण्यांतील क्षार खडकावर सांचून तो झाला आहे. पूर्वीं पाणी कोठवर होतें त्याची ती खूण.

आतां करारांतील आंकडे काढावे. १९२२ सालीं वरच्या व खालच्या खोऱ्यांस दरसाल प्रत्येकीं ७५ लाख एकर-फूट पाणी नेमून दिलें. एक एकर जमिनीवर एक फूट उभें राहील इतकें पाणी म्हणजे एक एकर-फूट. १९४४ च्या तहानें मेक्सिकोचे १५ लाख त्यांत मिळाले. बेरीज १ कोटी ६५ लाख. हातीं असलेल्या मोजण्या थोड्या वर्षांच्या, आणि तीं वर्षें नेमकीं भरपूर पाण्याचीं होतीं. सरकारी भूगर्भखात्यांतील जलतज्ज्ञ ई. सी. लारू यानें नदींत इतकें पाणी नाहीं असा इशारा दिला होता. त्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें जुन्या वृक्षांच्या खोडांतील वलयें वाचून शास्त्रज्ञांनीं नदीचा कित्येक शतकांचा इतिहास लावला, तेव्हां विसाव्या शतकाचा आरंभ हा अपवादात्मक ओला काळ होता असें ठरलें. २००० सालानंतर तर नदीचें सरासरी पाणी सुमारें सव्वा कोटी एकर-फुटांवर आलें आहे.

ही तूट वर्षानुवर्षें जलाशयांतून भरून काढली गेली. २००० सालीं जवळजवळ भरलेल्या लेक मीडची पातळी २०२२ च्या जुलैंत सुमारें १७० फुटांनीं खालीं गेली. १९३८ सालीं पाण्याखालीं गेलेलें सेंट थॉमस नांवाचें गांव या शतकाच्या आरंभीं पुन्हां उघडें पडलें. ज्या गांवचा शेवटचा रहिवासी नावेंतून निघून गेला, तेथील घरांच्या पायांमधून आज प्रवासी चालत फिरतात. २०२१ च्या ऑगस्टांत खालच्या खोऱ्यासाठीं इतिहासांत प्रथमच अधिकृत पाणीटंचाई जाहीर झाली, आणि ॲरिझोनाच्या मध्यभागांतील शेतकऱ्यांस आपलीं शेतें पडीक टाकावीं लागलीं. चूक शंभर वर्षांपूर्वींच्या कागदावर झाली; तिची किंमत हे लोक देत आहेत. ज्यांना त्या बैठकींत बसूंच दिलें नव्हतें त्या मूळ रहिवाशांच्या जमातींचा करारांत केवळ एका वाक्यांत उल्लेख आहे. आणि मेक्सिकोंतील नदीचा हिरवा मुखप्रदेश इतका सुकला कीं कोलोरॅडो आतां बहुधा समुद्रापर्यंत पोहोंचतच नाहीं.

हें सांगण्यांत धरणाला कमीपणा आणण्याचा हेतु नाहीं. या भिंतीमुळें पूर आटोक्यांत आले, व दुष्काळांतही शहरांना पाणी मिळालें. सुमारें चार कोटी माणसें आज या नदीवर अवलंबून आहेत. पण धरण पाणी सांठवूं शकतें, उत्पन्न करूं शकत नाहीं. भिंत कितीही भक्कम असली तरी नदींत नसलेलें पाणी ती कोणाच्या वाट्यास देऊं शकत नाहीं. म्हणून जो कोणी तेथें जाईल त्यानें सकाळ भिंतीसाठीं ठेवावी आणि संध्याकाळ त्या पांढऱ्या पट्ट्यासाठीं राखून ठेवावी, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.